वाटेचं लेकरू
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



आमच्या घाटंजीला रेल्वे नाही. यवतमाळ चाळीसेक किलोमीटरवर आणि तिथूनही पुढे जायचं तर रस्ताच. त्यामुळे आमच्या भागातला माणूस देवाच्या दारी निघाला, तरी आधी रस्त्याच्या हवाली होतो. कोणी पोहरादेवीला जातो, कोणी माहूरला, कोणी शेगावला, कोणी नागपूरला ताजबागेत. घरून निघताना शिदोरी बांधली जाते, शेजारी सांगून जातात की आमच्याही नावानं हात जोडा, किंवा आमच्यासाठीही दुआ मागा. हात जोडणं आणि दुआ मागणं हे एकाच गाडीतून जातं, हे आमच्याकडे नवल नाही.

आज मला बोलायचं आहे ते या रस्त्यावरच्या श्रद्धेविषयी. घरातली श्रद्धा वेगळी असते. घरी वजूचं पाणी ठरलेलं, चटई ठरलेली, देव्हाऱ्याची दिशा ठरलेली. रस्त्यावर यातलं काहीच आपल्या हातात राहत नाही. मग उरतं काय, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या धर्मानं या प्रश्नाचा विचार फार बारकाईनं केलेला आहे, आणि तो मुसलमानेतर श्रोत्यांना बहुधा ठाऊक नसतो, म्हणून थोडं सांगतो. आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी पद्धतीनं चालतात. त्या पद्धतीत सुमारे ७८ किलोमीटर किंवा त्याहून लांब जाण्याच्या इराद्यानं माणूस निघाला आणि त्यानं गावाची वेस ओलांडली, की तो मुसाफिर ठरतो. मुक्कामी जाऊन पंधरा दिवसांपेक्षा कमी राहायचं असेल, तर तिथंही तो मुसाफिरच. मुसाफिराची दुपारची, तिसऱ्या प्रहरची आणि रात्रीची चार रकातींची नमाज दोन रकातींची होते. पहाटेची दोनच असते, ती दोनच राहते. सूर्यास्ताची तीन, ती तीनच. रमजानचा रोजा प्रवासात ठेवता आला नाही, तर तो पुढे दुसऱ्या दिवसांत भरून देता येतो. पाणी मिळत नसेल तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करता येतो. दिशा कळत नसेल, विचारायला कोणी नसेल, तर मनाला जी दिशा पटेल तिकडे तोंड करावं, नमाज होते. म्हणजे घरी ज्या ज्या गोष्टींवरून आपण एकमेकांशी भांडतो, त्या जवळजवळ सगळ्या गोष्टींत रस्त्यावर सवलत आहे.

आणि आणखी एक. जकात कोणाला द्यायची, त्याचे आठ हकदार कुराणात सांगितले आहेत. त्यांतला एक आहे वाटसरू. त्याच्यासाठी अरबीत जो शब्द आहे तो 'इब्नुस्सबील'. शब्दशः अर्थ, वाटेचा मुलगा. आपल्या मराठीत मी त्याला वाटेचं लेकरू म्हणतो. हा माणूस आपल्या गावी खाऊनपिऊन सुखी असेल, त्याची पंचवीस एकर ओलिताची जमीन असेल, पण वाटेत अडकला, खिसा रिकामा झाला, तर तेवढ्या वेळेपुरता तो गरीबच. त्याला मदत घेण्याचा हक्क आहे. रस्ता सगळ्यांनाच थोडं थोडं गरीब करतो, हे ज्यानं ओळखलं त्यानं खूप प्रवास केला असला पाहिजे, असं मला कवी म्हणून वाटत आलं आहे.

तीनेक वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, कापूस विकून झाल्यावर आणि अजमेरच्या उरुसाची गर्दी ओसरल्यावर, आम्ही नऊ जण एक क्रूझर ठरवून अजमेरला निघालो. आम्ही घरचे सात. माझी खाला, म्हणजे आईची बहीण, सत्तरी ओलांडलेली, तिच्याच नवसाची ही वारी होती. आठवे आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी. त्यांना दर्ग्यापेक्षा चित्तोडचा किल्ला बघायचा होता, आणि एक जागा रिकामी होती. नववा गाडीवाला. घाटंजीजवळच्या एका तांड्यावरचा बंजारा पोरगा, वय तिशीचं. त्याला सगळे भाऊ म्हणत, आम्हीही तेच म्हणालो. गाडीच्या काचेजवळ सेवालाल महाराजांची तसबीर होती. खालानं बसल्या बसल्या आपली तसबी त्याच तसबिरीच्या खिळ्याला अडकवली. भाऊनं आरशातून पाहिलं आणि गिअर टाकला.

यवतमाळ, अमरावती, परतवाडा, मेळघाटातला वळणावळणाचा रस्ता, धारणी, खंडवा, मग नर्मदा, इंदूर, रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तोड, भिलवाडा, अजमेर. जायला हजार किलोमीटरच्या आसपास. रस्त्याचं वर्णन करत बसत नाही. मंदसौर-नीमचकडे अफूची शेतं पांढऱ्या फुलांनी भरलेली होती, आणि आम्ही कापूसवाले लोक असल्यामुळे पहिल्यांदा सगळ्यांना ती कपाशीच वाटली, एवढंच सांगतो.

खालाचं आणि माझं पहिलं भांडण परतवाड्याच्या पुढे झालं. दुपारची नमाज. एका धाब्यामागे जागा मिळाली. धाबेवाल्याला पश्चिम विचारली, तर त्यानं हातातल्या झाऱ्यानंच दाखवली आणि आतून दोन धुतलेले पोते आणून अंथरले. मी दोन रकाती पढून उठलो. खाला चार पढायला निघाली. म्हणाली, "घर पे चार और यहाँ दो? हिसाब में कम नहीं पड़ेगा?" मी तिला सांगितलं की ही अल्लाहनं दिलेली खैरात आहे, तिचा स्वीकार करावा, असं खुद्द पैगंबरांचं सांगणं आहे. देणाऱ्यानं दिलेलं परत करणं हाही उद्धटपणा. पण खालाला पटलं ते यामुळे नाही. तिचं लक्ष गाडीकडे गेलं. भाऊ, गुरुजी, बाकीचे सगळे उन्हात तिची वाट पाहत उभे होते. तिनं दोनच पढल्या.

मला त्या क्षणी कळलं की ही सवलत एकट्या नमाज पढणाऱ्यासाठी नाही, त्याच्या सोबतच्यांसाठीसुद्धा आहे. मुसाफिरीत नमाज अर्धी होते, पण उधारी अर्धी होत नाही. ठरलेलं भाडं अर्धं होत नाही, दिलेला शब्द अर्धा होत नाही. अल्लाहचा जो हक्क आहे त्यात अल्लाह सूट देतो, माणसांचा जो हक्क आहे त्यात त्यानं ती दिलेली नाही. आमच्या मौलवींच्या भाषेत याला हुकूकुल्लाह आणि हुकूकुलइबाद म्हणतात. हे मी लहानपणापासून ऐकत आलो, समजलं मात्र त्या धाब्यामागे.

दुसरी गोष्ट भाऊची. रतलाम मागे पडलं होतं, रात्रीचे दहा-साडेदहा झाले असतील. रस्त्यावर अचानक मोठमोठे दगड आले. ही आपल्या देशातली रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. ट्रक बिघडला की क्लीनर त्याच्याभोवती दगड मांडतो, फांद्या टाकतो, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं. ट्रक दुरुस्त होतो, निघून जातो, आणि दगड तिथंच राहतात. भाऊनं गाडी बाजूला घेतली, मागचे दिवे चालू ठेवले, गुरुजींना टॉर्च धरायला सांगितली आणि एकेक दगड उचलून कडेला टाकला. मीही उतरलो. एकूण सात दगड होते. हात धुताना मी त्याला म्हणालो, भाऊ, आमच्याकडे एक हदीस आहे. ईमानच्या, म्हणजे श्रद्धेच्या, सत्तराच्या आसपास शाखा सांगितल्या आहेत. सगळ्यात वरची शाखा म्हणजे एका अल्लाहशिवाय कोणी पूज्य नाही ही साक्ष. आणि सगळ्यात खालची शाखा म्हणजे रस्त्यातली इजा करणारी वस्तू दूर करणं.

तो म्हणाला, "चाचा, मले ते काई मालूम नाई. मागून मोटारसायकलवाला येईल ना, त्याले कुठं दिसते अंधारात?"

यावर मी काय बोलणार? गुरुजी गणिताचे. ते म्हणाले, म्हणजे यानं खालून सुरुवात केली, आपण वरून. सगळे हसले. पण मला तो विषय हसण्यावर सोडवेना. आम्ही वरची शाखा पकडून बसतो आणि खालच्या शाखेचे दगड दुसऱ्याच्या रस्त्यात राहतात, हे फक्त मुसलमानांच्याच बाबतीत घडतं असं नाही. पण मुसलमान म्हणून मला माझ्यापुरतं बोलणं भाग आहे.

बंजारा समाज हा मुळात रस्त्याचाच. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे तांडे शेकडो मैल चालत, मोगल फौजांना धान्य पुरवत. त्या व्यापाराला ते लदेणी म्हणतात. चित्तोडच्या पुढे एका चहाच्या टपरीवर भाऊ आपल्या गोरमाटीत बोलायला लागला आणि टपरीवाल्याला बरंच कळलं. त्या पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आम्ही नऊ जणांत परमुलखात घरची भाषा सापडली ती त्यालाच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती आहे दाराची.

खंडव्याहून इंदूरला जाताना मोरटक्क्याला नर्मदेचा पूल लागतो. तिथून ओंकारेश्वरला फाटा जातो. भाऊ काही बोलला नाही, पण पुलावर त्यानं गाडी फार हळू केली. खालानं विचारलं, "क्या है बेटा?" तो म्हणाला, ओंकारेश्वर हाय, मायचा नवस हाय, येताना पाहू. खाला म्हणाली, येताना कोण जगतं कोण मरतं, आत्ताच वळव. वळलो. भाऊ आणि गुरुजी दर्शनाला गेले, आम्ही सात जण घाटावर बसलो. आम्हाला कोणी अडवलं नव्हतं. आम्हीच बसलो. दोघं परत आले तेव्हा भाऊच्या हातात प्रसाद होता. तो त्यानं सगळ्यांपुढे धरला. आमच्यातल्या काहींनी घेतला. दोघांनी छातीवर हात ठेवून, हसून, नको म्हटलं. भाऊनंही तेवढ्याच सहजपणे हात पुढच्याकडे नेला. खालानं खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि म्हणाली, झाडाचं फळ आहे. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी करणार नाही. पण नको म्हणणाऱ्याला नको म्हणता यावं आणि देणाऱ्याला त्याचं वाईट वाटू नये, यालाही मी आदब म्हणतो. हल्ली अशा एका तुकड्यावरून गावं पेटतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

पुढे गाडीत गुरुजींनी विषय काढला विनोबांचा. म्हणाले, दारापाशी आपण बसलो हे ठीक, पण विनोबा बसले नसते, त्यांनी दोघांनाही आत जाऊ दिलं नसतं.

पवनार आमच्यापासून फार लांब नाही, आणि विनोबा भावे हे नाव आमच्या वडिलांच्या पिढीला घरच्यासारखं. पण त्यांचा प्रवास केवढा होता, हे आता तरुण पिढीला माहीत नाही. शिवरामपल्ली हे हैदराबादजवळचं गाव, तिथं सर्वोदय संमेलन होतं. येण्याचा आग्रह झाला तेव्हा विनोबा म्हणाले, येतो, पण चालत. ८ मार्च १९५१ ला ते पवनारहून दक्षिणेकडे निघाले. सुमारे तीनशे मैल. वय पंचावन्न, म्हणजे आज माझं आहे त्याच्या आसपास, आणि पोटात अल्सर. संमेलन झालं, आणि ते तेलंगणात शिरले. तिथं जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्यात रक्तपात चालू होता. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत हरिजनांच्या चाळीस कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेत विचारलं आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले, शंभर एकर देतो म्हणाले. तिथून जे पाय सुटले, ते १० एप्रिल १९६४ ला पवनारला परत आले. मधे तेरा वर्षं.

भूदानाचा हिशेब मला इथं मांडायचा नाही. बेचाळीस लाख एकरांच्या आसपास दानपत्रं झाली, त्यांतली बरीच जमीन खडकाळ, वादातली, कधीच न वाटलेली, हे सगळं खरं आहे. टीका करणाऱ्यांनी ती केली आणि ती योग्यच होती. मला या प्रवासातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो, ज्यावर कमी लिहिलं गेलं. विनोबांबरोबर चालणारे लोक सगळ्या जातींचे, धर्मांचे, देशांचे असत. आणि वाटेत देवळं लागत.

१९५३ च्या सप्टेंबरात बिहारमध्ये देवघरला वैद्यनाथाच्या देवळात हरिजनांना घेऊन ते गेले. तिथल्या पंड्यांनी मारलं. विनोबांच्या कानाला जबर मार बसला. त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी असं म्हटलं नाही. १९५५ साली ओरिसात जगन्नाथपुरीला त्यांच्याबरोबर एक फ्रेंच बाई होती. तिला आत येऊ देणार नाहीत असं कळलं. विनोबा दारातूनच परतले. १९५७ साली केरळात गुरुवायूरला सोबत ख्रिस्ती मंडळी होती. देवस्थानवाल्यांनी विनोबांना प्रेमानं या म्हटलं, सोबत्यांना नाही. विनोबा गेले नाहीत. पुढे कर्नाटकात गोकर्णला एक मुसलमान तरुण बरोबर होता. तिथल्या पुजाऱ्यांनी विचार केला आणि दार उघडलं.

मग १९५८ चा मे महिना आणि पंढरपूर. अकरा वर्षांपूर्वी, १९४७ साली, याच देवळाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी उपवास केला होता. आता बडव्यांकडून विनोबांना सोबत्यांसह निमंत्रण आलं. विनोबा आत गेले तेव्हा त्यांच्याबरोबर एक मुसलमान मुलगी होती आणि एक जर्मन ख्रिस्ती बाई होती. सगळ्यांनी विठ्ठलाचं दर्शन घेतलं. विठ्ठलासमोर विनोबांच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. हे मी बी.ए.च्या वर्षाला असताना पहिल्यांदा वाचलं आणि मला त्या मुसलमान मुलीचाच विचार येत राहिला. तिच्या मनात काय चाललं असेल? तिच्या घरच्यांनी काय म्हटलं असेल? मूर्तीपुढे उभं राहणं मुसलमानाला सोपं नाही, ही गोष्ट कोणी लपवू नये. ती सोबत्यांबरोबर आली होती आणि तिच्याशिवाय दुसरा एक माणूस आत जाणार नव्हता. तिनंही, मला वाटतं, त्या माणसासाठीच पाऊल टाकलं असणार.

गोष्ट इथं संपत नाही. १९५९ साली सर्वोदय संमेलन अजमेरला होतं. विनोबा चालत चालत अजमेरला पोहोचले आणि ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्यात गेले. त्याच सुमारास, अजमेरजवळच्या किशनगढला, मार्टिन लूथर किंग त्यांना भेटायला आले आणि पहाटे त्यांच्याबरोबर चालले. ज्यांच्या देशात काळ्यांना बसमध्ये मागे बसावं लागत होतं, ते किंग. त्या पहाटेची कल्पना मी पुष्कळदा केली आहे. पुढे विनोबा पीरपंजाल ओलांडून काश्मीरला गेले. १९६२ च्या सप्टेंबरात पूर्व पाकिस्तानातून सोळा दिवस चालले, तिथल्या मुसलमान शेतकऱ्यांनीही जमिनी दिल्या. त्याच वर्षी त्यांचं 'कुराण-सार' प्रसिद्ध झालं. त्यासाठी ते अरबी शिकले होते. दुसऱ्याचा ग्रंथ वाचायचा तर त्याच्या लिपीत वाचायचा, ही त्यांची रीत. मी मुसलमान असून कुराण अर्थासह वाचताना उर्दू आणि मराठी तर्जुम्यांच्या आधारानं वाचतो, आणि तो कोकणातल्या गागोद्यात जन्मलेला ब्राह्मण मूळ अरबीतून वाचत होता. याचं मला वाईट वाटत नाही, मौज वाटते.

तर गुरुजींनी हे सगळं त्या गाडीत इंदूरपर्यंत सांगितलं. मधे मधे मी भर घालत होतो. खाला ऐकत होती. तिला मराठी बोलता कमी येतं, कळतं सगळं.

अजमेरला पोहोचलो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. गाडी लांब उभी करावी लागते, तिथून रिक्षा, मग गर्दीचा बाजार. भाऊ सवयीनं म्हणाला, तुम्ही जाऊन या, मी गाडीत थांबतो. श्रोतेहो, ही गोष्ट कधी तुमच्या लक्षात आली आहे का? आपण सगळे देवाच्या दारी जातो, आणि ज्यानं आपल्याला हजार किलोमीटर रात्र जागून आणलं तो गाडीत थांबतो. शिर्डी असो, अजमेर असो, तिरुपती असो. गाडीतळावर किती गाडीवाले पाय पसरून झोपलेले असतात, कधी मोजा. देवळानं अडवलेलं नसतं, दर्ग्यानं अडवलेलं नसतं. आपणच त्यांना बाहेर ठेवतो आणि त्याला सोय म्हणतो.

खाला म्हणाली, "गाड़ी को ताला लगा, और चल. वो विनोबा नहीं जाता था ना अकेला? तो मैं कैसे जाऊँ?"

मी आणि गुरुजी एकमेकांकडे पाहत राहिलो. भाऊनं खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला आणि आला.

अजमेरच्या दर्ग्यात अकबरानं दिलेली मोठी देग आहे आणि जहांगीरनं दिलेली छोटी. अकबर स्वतः १५७० साली, मुलगा झाला म्हणून, आग्र्याहून तिथवर पायी गेला होता. त्या देगांत गोड भात शिजतो, मांस नसतं. कोणालाही खाता यावं, हा त्यातला विचार. आम्ही नऊ जणांनी तो भात एका कोपऱ्यात बसून खाल्ला. ख्वाजासाहेबांना गरीब नवाज म्हणतात. तेही मुळात मुसाफिरच, इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवरच्या सीस्तानातून निघालेले, मजल दरमजल करत आलेले, आणि १२३६ साली इथंच मातीआड झालेले. भाऊनं मला विचारलं, "चाचा, इथं काय मांगाचं असते?" मी म्हटलं, जे लागतं ते. तो बराच वेळ डोळे मिटून उभा होता. त्यानं काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही.

मी कवी म्हणवतो. पण त्या आठ दिवसांत एकही ओळ लिहिली नाही. वहीत सगळा डिझेलचा हिशेब आहे, टोलचा, केळ्यांचा, एका पंक्चरचा. वर्गणीचा हिशेब करताना खालानं एक हट्ट धरला. जेवणाचा खर्च नऊ तोंडांचा, आठांचा नाही. गाडीवाल्याच्या जेवणाचं वेगळं पाहू, अशी जी पद्धत असते, ती तिनं चालू दिली नाही. त्यानं कुठं जेवायचं आणि कोणाबरोबर, हाही प्रश्न मग उरला नाही. चित्तोडला गुरुजींचा किल्ला झाला. खाला गुडघ्यांमुळे खालीच थांबली, तेव्हा भाऊ तिच्यासोबत थांबला. आम्ही वरून उतरलो तर ती त्याला मसूरची डाळ कशी फोडणीला घालायची ते सांगत होती.

आता खालाचं वय आणखी तीन वर्षांनी वाढलं आहे. भाऊ मधून मधून घरी येऊन जातो. त्याच्या आईनं पंढरपूर पाहिलेलं नाही. खालानं परस्पर तिला सांगून ठेवलं आहे की आपण दोघी जाऊ, तू आत जा, मी चंद्रभागेवर बसते, आणि आत यायला कोणी म्हटलं तर तेव्हाचं तेव्हा बघू. भाऊ म्हणतो, गाडीचे दोन टायर बदलल्याशिवाय घाट उतरायचा नाही. टायरचं पाहू, खाला म्हणते, यंदा कापसाला भाव येऊ दे.